मानांकनातली राजकीय तटस्थता आणि सीमाभागातली कॉलेजे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजात नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी, स्वयंमूल्यांकन अहवाल लिहायला घेतला की सातव्या निकषापाशी लेखणी अडते. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, इमारती, विद्यार्थी-साहाय्य आणि कारभार हे पहिले सहा निकष बहुतांशी आकड्यांवर आणि कागदांवर निभावतात. सातवा निकष संस्थेच्या मूल्यांचा. सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक, धार्मिक आणि सामाजिक-आर्थिक विविधतेबाबत सहिष्णुता व सलोखा राखण्यासाठी संस्थेने काय केले, ते तिथे शब्दांत मांडायचे असते. नागपुरात किंवा म्हैसुरात हा रकाना चटकन भरून होतो. इथे १ नोव्हेंबरला गावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही निघते आणि मराठी भाषकांचा काळा दिनही पाळला जातो, आणि दोन्ही घरांतली मुले वर्गात एकाच बाकावर बसतात. ‘भाषिक सलोखा’ या शब्दांखाली काय लिहायचे, यावर स्टाफरूममध्ये तासन्‌तास खल चालतो.

यातून उभा राहणारा प्रश्न मोठा आहे. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या यंत्रणेला त्या कॉलेजकडून एखादी राजकीय किंवा वैचारिक भूमिका मागता यावी का? आणि ती मागता येऊ नये असे वाटत असेल, तर कायद्यात नेमके काय लिहावे लागेल? अमेरिकेत गेल्या काही वर्षांत यावर विधेयके आली, राज्यांचे कायदे झाले. आपल्याकडे उच्च शिक्षणाचा सगळा कायदेशीर सांगाडाच बदलू घातला आहे. म्हणून आधी तिकडचे पाहू, मग आपले, आणि मग टेबलावरच्या फाइलींकडे येऊ.

अमेरिकेत मानांकन सरकार करत नाही. ते काम खाजगी, ना-नफा संस्था करतात. पण १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार विद्यार्थ्यांना केंद्राचे अनुदान आणि कर्ज मिळायचे असेल, तर त्यांचे कॉलेज सरकारमान्य मानांकन संस्थेने मानांकित केलेले असावे लागते. मानांकन गेले की विद्यार्थ्यांची आर्थिक मदत गेली, आणि बहुतेक कॉलेजांना त्यानंतर तग धरता येत नाही. खाजगी संस्थेच्या हाती अशी किल्ली असल्यामुळे तिने निकषांत काय लिहावे, हा तिथे राजकारणाचा विषय झाला.

युटाचे प्रतिनिधी बर्जेस ओवेन्स यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या विधेयकाचा गाभा थोडक्यात असा : मानांकन संस्थेने कोणत्याही कॉलेजला सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय प्रश्नांवर विशिष्ट पक्षीय, राजकीय वा वैचारिक मताचे समर्थन करायला किंवा त्याला विरोध करायला भाग पाडू नये. कायद्यानेच सांगितले असेल ते सोडून, कोणा व्यक्तीला वा गटाला वेगळी वागणूक देण्याची बांधिलकीही मागू नये. धार्मिक ध्येयाने चालणाऱ्या संस्थांसाठी त्यात वेगळी तजवीज आहे. विविधता आणि समावेशनासंबंधीचे निकष हे त्याचे खरे लक्ष्य होते. सप्टेंबर २०२४ मध्ये एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून ते प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमधून पुढे सरकले नाही. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. कायद्याच्या शिक्षणाचे मानांकन करणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला विविधतेचा निकष स्वतःहून स्थगित केला.

फ्लोरिडाचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठाने आपल्या काही प्राध्यापकांना मतदान हक्काच्या खटल्यात राज्याविरुद्ध तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला मनाई केली. दक्षिणेकडच्या राज्यांसाठी काम करणाऱ्या मानांकन संस्थेच्या निकषांत एक कलम आहे : नियामक मंडळाने संस्थेला बाहेरच्या अनुचित दबावापासून वाचवले पाहिजे. त्या आधारे तिने विद्यापीठाला जाब विचारला. विद्यापीठाने मनाई मागे घेतली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा केला की राज्यातल्या सरकारी कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी एक चक्र संपले की मानांकन संस्था बदलावी. जून २०२५ मध्ये फ्लोरिडासह दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांनी मिळून स्वतःचीच नवी मानांकन संस्था काढण्याची घोषणा केली.

यातून निघणारा मुद्दा मी या लेखात सोडणार नाही. तटस्थतेचा कायदा फक्त मानांकन संस्थेचे हात बांधत असेल, तर तो अर्धाच आहे. दबाव तीन बाजूंनी येतो : मानांकन यंत्रणेकडून कॉलेजवर, सरकारकडून मानांकन यंत्रणेवर, आणि संस्थाचालकांकडून कॉलेजच्या रोजच्या कारभारावर. पहिला दरवाजा बंद करून दुसरा सताड उघडा ठेवला, तर तेच राजकारण दुसऱ्या वाटेने आत येते.

आता आपल्याकडे. नॅकची स्थापना १९९४ ची, मुख्यालय बेंगळुरूत. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम १२ (सीसीसी) खाली उभी राहिलेली ही आयोगाचीच स्वायत्त संस्था आहे. सहा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा दोन तुकड्या बाहेर पडलेल्या, यांपैकी जे आधी घडेल त्या संस्थेला मानांकन सक्तीचे, असा नियम आयोगाने २०१२ च्या विनियमांत केला. म्हणजे अमेरिकेत जी किल्ली खाजगी हातात आहे, ती आपल्याकडे थेट सरकारी छत्राखाली आहे. आणि आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २० सांगते की राष्ट्रीय उद्दिष्टांशी संबंधित धोरणाच्या प्रश्नांवर केंद्र सरकारचे निर्देश आयोगाने पाळायचे. एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही यावर वाद झाला, तर शेवटचा शब्द केंद्र सरकारचाच. मानांकनात राजकीय मत मागू नये असे सांगणारे स्वतंत्र कलम मात्र आपल्या कायद्यात नाही.

मानांकनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत आले होते. पंधरावी लोकसभा संपली आणि ते बारगळले. डिसेंबर २०२५ मध्ये विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक मांडले गेले आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेले. नियमन, मानांकन आणि मानके यांसाठी तीन वेगळ्या परिषदा, आणि अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद व शिक्षक शिक्षण परिषद यांचे जुने कायदे रद्द, असा त्याचा आराखडा आहे. नियमन आणि मानांकन वेगळे करणे मला योग्य वाटते, कारण परवानगी देणारा आणि गुण देणारा एकच असू नये. पण परिषदा कितीही केल्या तरी त्यांच्यावर नेमणुका कोण करतो आणि निर्देश कोण देतो, यावरच तटस्थता ठरते. समितीपुढे निवेदन द्यायचे असेल, तर सीमाभागातल्या संस्थांनी तिथेच बोट ठेवावे.

हे दिल्लीचे राजकारण झाले, आपल्याला काय, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी इथलाच दाखला देतो. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय शिक्षण धोरण पदवीला लागू केले. देशात सर्वांत आधी पाऊल टाकणाऱ्या राज्यांपैकी हे एक. २०२३ मध्ये सरकार बदलले, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला, आणि २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीच्या जुन्या घडीवर आले. नॅकच्या अहवालात मात्र २०२२ नंतर ‘राष्ट्रीय शिक्षण धोरणासाठी संस्थेची सिद्धता’ असा भाग आला. त्यात सहा मथळे : बहुशाखीयता, क्रेडिट बँक (विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिटचे खाते), कौशल्य विकास, भारतीय ज्ञानपरंपरेचा समावेश, निष्पत्ती-आधारित शिक्षण आणि दूरस्थ-ऑनलाइन शिक्षण. बेंगळुरूतले राज्य सरकार एका दिशेला, बेंगळुरूतच बसलेली केंद्राची नॅक दुसऱ्या दिशेला, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाचे संलग्न कॉलेज मधे. उच्च शिक्षणाची मानके ठरवणे हा केंद्र सूचीतल्या ६६ व्या नोंदीनुसार केंद्राचा अधिकार. बाकी शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. संलग्न कॉलेजला स्वतःचा अभ्यासक्रम नसतो. विद्यापीठ देईल तो शिकवायचा.

अशा वेळी दोन प्रकारे चुका होतात. काही कॉलेजे केंद्राला खूश करायला धोरणाची स्तुती लिहितात. मग नॅकच्या तपासणी समितीतला एखादा सदस्य २०२४ च्या तुकडीचे वेळापत्रक मागतो आणि स्तुती उघडी पडते. काही कॉलेजे राज्याच्या भूमिकेची भलामण करत बसतात. तीही कोणी विचारलेली नसते. लिहायचे ते एवढेच : २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकड्या कोणत्या अभ्यासक्रमाच्या, २०२४ पासूनच्या कोणत्या, बदल कोणत्या शासन आदेशाने आणि विद्यापीठाच्या कोणत्या परिपत्रकाने झाला, त्यांचे क्रमांक व दिनांक, आणि क्रेडिट बँकेत किती विद्यार्थ्यांची नोंदणी झाली. तक्ता करावा, विशेषणे टाकू नयेत. या भागाला स्वतंत्र गुण नाहीत. पण समिती कॉलेज तपासण्याआधी हाच भाग वाचते, आणि तिथला सूर बिघडला तर पुढच्या गुणात्मक निकषांवर त्याची सावली पडते.

गुणांचे गणित इथेच सांगतो, कारण मूल्यांच्या निकषाला लोक एक तर फार घाबरतात किंवा अगदी सोडून देतात. आजवरच्या श्रेणी-पद्धतीत एकूण भार १०००, त्यातला सातव्या निकषाचा १००. प्रत्येक मापदंडाला ० ते ४ गुण, ते भाराने गुणायचे, बेरीज करून १००० ने भागायचे. समजा १० भाराच्या एका गुणात्मक मापदंडात ४ ऐवजी २ मिळाले. तोटा २० चा, म्हणजे अंतिम सरासरीत ०.०२. अख्ख्या सातव्या निकषात ४ ऐवजी २ मिळाले तर तोटा ०.२०. ३.२० वरचे कॉलेज ३.०० वर येते, आणि ३.०० म्हणजे बी प्लस प्लस. ए श्रेणी ३.०१ पासून सुरू होते. या ०.०१ च्या अलीकडे-पलीकडे स्वायत्ततेचा अर्ज आणि विद्यापीठांच्या बाबतीत दूरशिक्षणाची मुभा यांचे दरवाजे उघडतात किंवा बंद होतात. त्यामुळे एका रकान्यासाठी रात्री जागवायची गरज नाही, पण सगळा निकष शब्दांच्या फुलोऱ्यावर सोडून देणेही परवडत नाही.

(जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणी काढून ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ अशी साधी पद्धत आणण्याचे, आणि त्यापुढे १ ते ५ असे स्तर ठेवण्याचे जाहीर केले. नव्या पद्धतीत मापदंडांचे क्रमांक आणि भार बदलतील. पुढे कागदपत्रांबद्दल जे लिहिले आहे ते तिथेही लागू पडेल.)

आता सलोख्याचा रकाना. ‘आमच्या महाविद्यालयात सर्व भाषांचे विद्यार्थी गुण्यागोविंदाने नांदतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात सापडते. त्याला पुरावा नाही, म्हणून त्याला वजन नाही. त्याहून वाईट म्हणजे भूमिका घेणारी वाक्ये. ‘राज्यभाषेविषयी निष्ठा रुजवली’ हे जितके चुकीचे, तितकेच ‘सीमाबांधवांच्या न्याय्य मागणीची जाणीव विद्यार्थ्यांत निर्माण केली’ हेही चुकीचे. दोन्ही वाक्यांत संस्था मुलांच्या वतीने मत देते आहे. सीमाप्रश्नावर माणसाने, कुटुंबाने, संघटनेने ठाम मत ठेवावे. तो त्यांचा हक्क आहे आणि इथल्या मराठी माणसाने तो फार किंमत मोजून जपला आहे. पण कॉलेजच्या अहवालात त्या मताला गुण मिळायला लागले, की उद्या विरुद्ध मतालाही गुण मिळतील. मग जो सत्तेत असेल त्याचे मत म्हणजेच गुणवत्ता ठरेल. भाषिक अल्पसंख्याकांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते.

तर मग लिहावे काय? जे मोजता येते ते. कोणत्या भाषा विषय म्हणून शिकवल्या जातात आणि पाच वर्षांत प्रत्येकीला किती विद्यार्थी बसले. प्रवेशाचे माहितीपत्रक आणि परीक्षेच्या सूचना किती भाषांत लावल्या. ग्रंथालयात कन्नड, मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू ग्रंथ किती, आणि देवघेव नोंदवहीनुसार त्यांतले किती खरोखर वाचले जातात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी कन्नडचे आणि कन्नड माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजीचे पूरक वर्ग किती तास झाले, हजेरी किती. भाषेवरून हिणवल्याच्या तक्रारी किती आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या. तक्रारींच्या जागी शून्य लिहिण्याचा मोह टाळावा. दोन तक्रारी आल्या, दोन्ही ऐकून घेतल्या, लेखी निकाल दिला, असे दाखवणारे कॉलेज पाच वर्षे शून्य दाखवणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह दिसते.

साजऱ्या केलेल्या दिवसांची यादी हा दुसरा नाजूक भाग. १ नोव्हेंबरचा राज्योत्सव सरकारी कार्यक्रम आहे; तो परिपत्रकाच्या क्रमांकासह नोंदवावा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मराठी विभागाने घेतला असेल, तर विभागाचा उपक्रम म्हणून नोंदवावा. २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन सगळ्या भाषा विभागांनी मिळून घेण्याजोगा आहे आणि सीमाभागातल्या कॉलेजने तो सोडू नये. प्रत्येक नोंदीत तारीख, आयोजक, उपस्थिती, एका ओळीचा वृत्तांत. भाषणांचा सारांश घालू नये. पाहुणा व्यासपीठावर बोलला ती त्याची भूमिका. अहवालात उतरली की ती संस्थेची होते.

फोटोंबाबत विशेष काळजी घ्यावी. नॅकला स्थळ आणि तारीख उमटलेले फोटो लागतात. कार्यक्रम रक्तदानाचा असतो आणि मागे पक्षाचा झेंडा असतो, किंवा प्रमुख पाहुण्याच्या गळ्यात पक्षाचे उपरणे असते. निवडणुकीच्या वर्षात तर असे फोटो ढिगाने निघतात. ते काटछाट करून वापरू नयेत, मूळ फोटोशी जुळत नाहीत असे दिसले तर सगळ्याच पुराव्यांवर शंका येते. दुसऱ्या कोनातून घेतलेला फोटो निवडावा. पुढच्या वेळी निमंत्रणपत्रिकेतच ‘पक्षचिन्हे आणू नयेत’ अशी ओळ छापावी.

सीमाभागातल्या कागदांना आणखी एक अडचण असते. नोटीस कन्नडमध्ये, इतिवृत्त मराठीत, हजेरी इंग्रजीत. आकडे तपासणाऱ्या डीव्हीव्ही टप्प्यावर प्रादेशिक भाषेतल्या कागदाचा इंग्रजी अनुवाद प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह मागितला जातो. खुलासा द्यायला पंधरा दिवस मिळतात, आणि त्या पंधरा दिवसांत पाच वर्षांचे कागद अनुवाद करणे कोणालाही झेपत नाही. म्हणून मूळ कागद तयार होतो त्याच आठवड्यात त्याचा एक पानी अनुवाद करून त्याच फाइलीत लावायची सवय ठेवावी. अनुवाद करताना शब्द सौम्य किंवा तिखट करू नयेत. कन्नड सूचनेत ‘कडू’ असेल ते इंग्रजीत ‘गोड’ झाले तर कन्नड जाणणारा तपासनीस एका नजरेत ओळखतो. २०१४ च्या १ नोव्हेंबरपूर्वीच्या संलग्नता पत्रांवर ‘बेलगाम’ आहे आणि नंतरच्यांवर ‘बेळगावी’. त्याबरोबर नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडली की प्रश्न मिटतो. त्यावर टिप्पणी लिहू नये.

मराठी संस्थांसाठी एक वेगळी सूचना. घटनेच्या ३० व्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. अल्पसंख्याक कोण, हे राज्य हे एकक धरून ठरवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे कर्नाटकात मराठी भाषक अल्पसंख्याक आहेत यात वाद नाही. मात्र २००४ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शिक्षणसंस्था आयोगाच्या कायद्यात केंद्राने अधिसूचित केलेले समाजच, म्हणजे धार्मिक अल्पसंख्याकच येतात. भाषिक दर्जाचा कागद राज्य सरकारकडूनच घ्यावा लागतो. तो मिळाला असेल तर अहवालात आदेश क्रमांक आणि दिनांक द्यावा, आणि त्याला सीमाप्रश्नाशी जोडू नये. अल्पसंख्याक दर्जा हा आज लागू असलेला घटनात्मक हक्क आहे. सीमाप्रश्न हा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला, सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेला दावा आहे. दोन्ही एका परिच्छेदात आले की वाचणाऱ्याला पहिला हक्कसुद्धा वादग्रस्त वाटू लागतो.

मतदार साक्षरता मंडळाचे प्रश्नही अहवालात आले आहेत. मंडळ आहे का, समन्वयक कोण, अठरा वर्षांवरील किती विद्यार्थी अजून यादीत नाहीत. इथे तटस्थ राहणे सोपे आहे, तरी गडबड होते ती कार्यकर्त्यांमुळे. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घेण्याचे शिबिर कॉलेजने स्वतः किंवा निवडणूक कार्यालयाच्या मदतीने घ्यावे. कोणत्याही पक्षाचा बूथ कार्यकर्ता टेबलावर बसू देऊ नये. वर्षात आता वय धरण्याचे चार पात्रता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलहून येऊन-जाऊन शिकणारी मुले आपल्या गावच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या यादीत असतात. ती इथल्या ‘नोंदणी बाकी’च्या आकड्यात धरली की आकडा फुगतो आणि खुलासा मागितला जातो. त्यांचा रकाना वेगळा ठेवावा.

तिसऱ्या दबावाबद्दल, म्हणजे संस्थाचालकांबद्दल, आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. या जिल्ह्यांत शिक्षणसंस्था, साखर कारखाना, सहकारी बँक आणि आमदारकी यांची मंडळी पुष्कळदा एकच असतात. त्यांनी कॉलेजे उभी केली, गावोगावी मुली शिकल्या, हे ऋण मोठे आहे. पण अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात ‘स्थानिक समाजाचा प्रतिनिधी’ म्हणून पक्षाचा पदाधिकारी बसला, तर कक्षाच्या प्रत्येक ठरावावर त्याची छाया पडते. नियमाप्रमाणे कक्षात प्राचार्य, शिक्षक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि उद्योग क्षेत्रातले प्रतिनिधी असतात; तीन महिन्यांतून किमान एक बैठक, गणसंख्या दोन तृतीयांश. समाजाचा प्रतिनिधी म्हणून निवृत्त शिक्षक, डॉक्टर, महिला बचत गटाची चालक अशी माणसे घ्यावीत. कार्यकाळ ठरलेला असावा. निवडणूक लढवणाऱ्या सदस्याने उमेदवारी दाखल करण्याआधी कक्ष सोडावा, असा ठराव व्यवस्थापन मंडळाकडून एकदाच करून घ्यावा. ठराव कोणा एकाविरुद्ध नसतो, म्हणून तो शांत वर्षात मंजूर होतो. निवडणुकीच्या तोंडावर आणला तर होत नाही.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचेही तसेच. कॉलेजांसाठी विद्यार्थिसंख्येच्या १० टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी, तितके प्रतिसाद यावे लागतात. न आल्यास तो मापदंड हिशेबातच धरला जात नाही. प्रश्न २१, त्यातला शेवटचा मोकळ्या उत्तराचा. विद्यार्थी संघटनांकडून ‘अमुक लिही’ असे निरोप त्या काळात फिरतात. प्रश्नावली अध्यापनाची आहे, हे वर्गावर्गांत आधीच सांगून ठेवावे आणि कोणी काय लिहिले याची चौकशी शिक्षकांनी करू नये.

आता कायद्याकडे परत. नवे विधेयक संसदीय समितीपुढे असताना माझी मागणी स्पष्ट आहे. मानांकन परिषदेने कोणत्याही संस्थेकडून पक्षीय किंवा धोरणविषयक मताचे समर्थन वा विरोध मागू नये, असे थेट कलम हवे. पण अमेरिकन मसुद्यातली ढिलाई त्यात नको. तिथे ‘वैचारिक’ म्हणजे काय हे इतके सैल आहे की समान संधीचे साधे कामही त्यात ओढता येते. आपल्याकडे कसोटी सोपी ठेवता येते : ज्याच्या मागे घटना किंवा कायदा आहे ते मत नव्हे, ते कर्तव्य आहे. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने, दिव्यांगांसाठीचे उतरते मार्ग २०१६ च्या कायद्याने, आरक्षण घटनेने. हे मागण्याचा मानांकन यंत्रणेला पूर्ण अधिकार असावा. त्यापलीकडे एखाद्या सरकारी योजनेचे कौतुक, एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीबद्दलची विशिष्ट मांडणी, भाषेच्या वादातली बाजू, यांना गुण नसावेत.

दुसरे कलम सरकारसाठी. केंद्र किंवा राज्य सरकारने मानांकन परिषदेला दिलेला प्रत्येक निर्देश लेखी असावा आणि तो प्रसिद्ध व्हावा. एखाद्या विशिष्ट संस्थेच्या मूल्यांकनाबाबत निर्देश देण्याची मुभाच नसावी. कलम २० सारखी तरतूद नव्या कायद्यात जशीच्या तशी आली, तर पहिल्या कलमाला अर्थ उरत नाही.

तिसरे, तपासणी समितीतल्या सदस्यांसाठी. कॉलेज तपासणारे सदस्य दुसऱ्या राज्यांतले असतात. हे चांगले आहे आणि सीमाभागात तर आवश्यकच आहे. त्याबरोबर प्रत्येकाने आपली पक्षीय पदे आणि संस्थेशी असलेले आर्थिक संबंध आधी जाहीर करावेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. पैशाने वाकणारी समिती राजकीय दबावानेही वाकू शकते. दोन्हींवर उपाय तोच : नावे, संबंध आणि गुणांची कारणे उघड्यावर असणे.

हा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हाती आहे ते तपासणी समितीचे शेवटच्या दिवसाचे निरोपाचे सत्र. तिथे अहवालाचा मसुदा प्राचार्यांना दाखवला जातो आणि त्यावर त्यांची सही होते. थकलेले प्राचार्य गुणांची धाकधूक मनात ठेवून न वाचताच सही करतात. सातव्या निकषाची वाक्ये आधी वाचावीत. ‘संस्था अमुक विचारसरणीने प्रेरित आहे’, ‘अमुक भाषिक गटापुरती मर्यादित आहे’ अशी वाक्ये त्यात असतील, तर त्याच बैठकीत विद्यार्थ्यांचा भाषानिहाय तक्ता समोर ठेवून वस्तुस्थितीतली चूक म्हणून दुरुस्ती मागावी, आणि मागितल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. सही झाल्यावर तोच अहवाल संकेतस्थळावर चढतो आणि पुढची पाच वर्षे तिथे राहतो. तक्त्याच्या तीन प्रती छापून त्या दिवशी टेबलावर तयार असाव्यात.